भट्टीमागचा कोको

२८ नोव्हेंबर १९९३, रविवार

सूर्यभाननं कंपनीची कोरी डायरी आणून दिली. म्हणाला, "आई, कोकोची रोजची नोंद ठेव. साहेब विचारतील." मी सातवी पास झाल्याला चाळीस वर्षं होत आली, पण अक्षर अजून बरं आहे. तर लिहिते.

सूर्यभान माझा एकुलता एक. चिकलठाण्याला टॉफीच्या कंपनीत मशीनवर आहे. सात वर्षांमागं त्यानं कोकणातनं कोकोची बावीस रोपं आणली आणि विहिरीजवळ केळीच्या सावलीत लावली. गाव पोट धरून हसलं. सात पिढ्या मेंढरामागं हिंडलेली माणसं आता चॉकलेटची बाग करणार म्हणे! हसा म्हटलं. दोन उन्हाळे मी घागरीनं पाणी घातलं, अंगावरचं लुगडं फाडून खोडाला बांधलं. एकोणीस झाडं जगली. फळं फांदीला नाही, खोडालाच लागतात. लहान पपईएवढी, पिवळी.

१९ डिसेंबरला कंपनीचे मोठे साहेब त्रिंबकराव घरच्यांना आणि चार पाहुण्यांना घेऊन बाग बघायला, चॉकलेट चाखायला येणार आहेत. चव पटली तर दरसाल माल घेतील, पाहुण्यांच्या सहलीही आणतील. नाही पटली तर काय, ते आमच्या मालकांनी, सूर्यभानच्या बापानं, ठरवून टाकलंय. पैठण रोडच्या एका कारखानेवाल्याला शेडसाठी जागा पाहिजे, त्याला बागेची पट्टी द्यायची. विहिरीसकट. म्हणजे माझी झाडं गेली.

१ डिसेंबर, बुधवार

फळं तोडली, फोडली. भामा होती मदतीला. भामाबाई आमच्या रानात सतरा वर्षं कामाला येते. बौद्धवाड्यात राहते, तिच्या नवऱ्याची, सर्जेरावांची, तिकडं वीटभट्टी आहे. बाई गुणाची. बोलणं कमी, हात चालू.

फळात पांढऱ्या गरात बिया असतात. गर सीताफळासारखा गोड. त्या गरासकट बिया लाकडी पेटीत भरायच्या, वर केळीची पानं झाकायची, की सहा दिवसांत आंबून गरम व्हायला पाहिजेत. गरम झाल्या नाहीत तर चॉकलेटची चवच उतरत नाही. सूर्यभाननं हे मला चार वेळा पढवलं. मी काय येडी आहे का?

३ डिसेंबर, शुक्रवार

पेटी गार. नुसती गार. थंडी अशी पडलीय की पहाटे विहिरीच्या पाण्यातनं वाफ निघते. हात घातला तर बिया दगडासारख्या थंड. सूर्यभान म्हणाला, "आई, आता झालं कल्याण."

मी म्हटलं, थांब. थंडीचं औषध धनगराला विचार. मालकांची दोन नवी काळी घोंगडी काढली, खास विणून घेतलेली. पेटीला खालून-वरून गच्च गुंडाळली आणि पेटी मेंढरांच्या वाड्याला लावून ठेवली, त्यांची ऊब मिळंल म्हणून. मालक लई खूश झाले. म्हणाले, "कंपनीवाल्यानं शिकावं आपल्याकडनं."

४ डिसेंबर, शनिवार

गरम! हात घालवत नाही इतकं. मला नाचावंसं वाटलं.

भामानं बिया पालटताना नाक वर केलं. म्हणाली, "आक्का, वास यायलाय."

"आंबल्यावर वास येणारच की."

"आंबल्याचा नाय. मेंढराचा."

मी हुंगलं, मालकांनी हुंगलं. कसलाच वास नाही. तिला म्हटलं, "तुला काय कळतं गं चॉकलेटातलं? गपचिप पालट." तिनं पालटलं.

६ डिसेंबर, सोमवार

आज भामा नाही. या तारखेला ती कधीच येत नाही, सगळा बौद्धवाडा शहरात जातो. मी एकटीनं पालटलं. उद्यापासून उन्हात वाळत घालायच्या.

१९ डिसेंबर, रविवार

सगळी फजिती झाली, पण लिहिते.

आज चंपाषष्ठी. देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला आणि म्हटलं, खंडोबा, तुझं तू बघ. दहा वाजता दोन गाड्या आल्या. चौदा माणसं. साहेबांच्या बाई, त्यांच्या बहिणी, टोप्या, कॅमेरे. सूर्यभाननं इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांना बाग दाखवली. खोडाला लागलेली फळं बघून बायका "अय्या" म्हणाल्या. मी फळ फोडून दिलं, त्यांनी गर चोखला, बिया मागितल्या. इतकं छान चाललं होतं!

मग ओट्यावर चाखायला बसले. बिया मी तव्यावर भाजल्या होत्या, सोलून पाट्यावर साखर घालून वाटल्या होत्या. वास तर घरभर. त्रिंबकरावांनी चमचाभर तोंडात घातलं, डोळे मिटले आणि तसेच बसले. मग चष्मा काढून पुसायला लागले.

त्यांच्या बाई म्हणाल्या, "अहो, ओल्या स्वेटरचा वास येतोय का?"

त्रिंबकरावांनी विचारलं, "आंबवताना कशात गुंडाळलं होतं?"

आमच्या मालकांनी मोठ्या डौलात घोंगडं आणून समोर पसरलं. मग एक बाई पदरात तोंड घालून हसली, आणि तिचं बघून सगळेच.

त्रिंबकराव हसले नाहीत. माणूस सभ्य. म्हणाले, "ताई, कोकोच्या बीत तूप असतं. शेजारी जे असेल त्याचा वास ते ओढून घेतं. तुम्हांला तो वास येत नाही, कारण तुमचा जन्म त्यात गेला." १६ जानेवारीला परत एकदा चाखतो म्हणाले. तोवर नवा माल करा. तेव्हाही असंच झालं तर मात्र माफ करा.

मालक घोंगडं काखेत मारून रानात निघून गेले. भामा भांडी घासून गेली. "मी सांगितलं होतं" असं म्हणाली नाही. त्याचाच मला जास्त राग आला.

२१ डिसेंबर, मंगळवार

मालक सकाळी कारखानेवाल्याच्या माणसाशी बांधावर बोलत उभे होते. हातवारे करून विहीर दाखवत होते. मी घरात आले आणि रडले. रडले म्हणून लिहायला लाज नाही, ही वही कोण वाचतंय?

दुपारी भामा म्हणाली, "आक्का, आमच्या भट्टीमागं एक कोठी हाय. भट्टीची भिंत तिला लागून. रात्रंदिस कोमट असतीय. धूर पल्याडच्या अंगाला जातो, आत येत नाय. पेटी तिथं ठिवली तर?"

मालकांना विचारलं. ते म्हणाले, "त्यांच्या घरात? खायची चीज?" मग बांधाकडं बघत म्हणाले, "तुझं तू बघ. माझं नाव नको."

२३ डिसेंबर, गुरुवार

नवी फळं फोडून पेटी भरली आणि भामाकडं पोचवली. सतरा वर्षांत मी तिच्या घरी पहिल्यांदा गेले. कामच पडलं नव्हतं. जाताना माझा पाण्याचा तांब्या बरोबर नेला, उगाच त्यांना तकलीफ नको.

घर पक्कं आहे, भट्टीच्याच विटांचं. मी म्हटलं, "बरं बांधलंय की." सर्जेराव म्हणाले, "अठ्ठ्याहत्तरात छप्पर जाळलं तवा ठरवलं, आता जळंल असं घर बांधायचंच नाय." त्या साली विद्यापीठाच्या नावावरनं गावात दंगा झाला होता. आमच्या घरातल्या कुणाचा त्यात हात नव्हता. आम्ही तर दार लावून आत बसलो होतो. सर्जेरावांना मी तसं सांगितलंही. ते "व्हय" म्हणाले आणि पेटीखाली विटा लावायला लागले.

२७ डिसेंबर, सोमवार

रोज जाते. भामाची रीत वेगळी आहे. ती पेटीत कोपरापर्यंत हात घालते आणि थांबते. सोसलं तर राहू द्यायचं, सोसलं नाही तर पालटायचं. आज दोघींनी मिळून पालटलं. चिकट, गरम, आंबट. दारूच्या दुकानासारखा वास! तिच्या कोपराला बी चिकटलेली मी काढली, माझ्या कपाळाची तिनं काढली. हसू आलं दोघींना.

तांब्यातलं पाणी संपलं होतं. तहान लागली होती, पण घरी येऊन प्यायले.

९ जानेवारी १९९४, रविवार

बिया वाळल्या. फोडून बघितल्या तर आतनं तपकिरी, मागच्या वेळी जांभळटच होत्या.

माझा पाटा मसाल्याचा आणि आता मला माझ्या कशाचाच भरवसा राहिलेला नाही. भामाकडं कोरा पाटा होता, लेकीच्या रुखवतासाठी घेतलेला. तिनं तिच्या चुलीवर बिया भाजल्या, पाट्यावर वाटल्या. वाटता वाटता तूप सुटलं, पीठ पातळ झालं, चकाकायला लागलं. तिनं बोटावर घेऊन मला दिलं. "घ्या, बगा."

मी तिच्या बोटाकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत होती, सर्जेराव दारात होते. काय झालं कुणास ठाऊक, मी खाल्लं.

आधी कडू लागलं, मग आंबट, मग असं काही लागलं की मी खालीच बसले. पन्नास वर्षांत जिभेला असं कधी काही कळलं नव्हतं. लोकर नाही, धूर नाही. भामाला म्हटलं, "अगं, हे माझ्या झाडाचं?" ती म्हणाली, "तुमच्याच."

मग पाणीही तिच्याकडचंच प्यायले. देवाला काय सांगायचं ते मी बघीन. मालकांना सांगितलेलं नाही.

१४ जानेवारी, शुक्रवार

संक्रांत. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. रेडिओवर सांगितलं. बौद्धवाड्यात हलगी वाजतीय, निळे झेंडे लागलेत. गावात मात्र पारावर चार माणसं तोंड पाडून बसलीत आणि एक पोलिसांची जीप उभी आहे. मालकांनी सकाळपासून रेडिओ बंद ठेवलाय.

भामा नवं लुगडं नेसून आली. मी तिळगूळ दिला, तिनं जिलबीचा पुडा दिला. तिचे डोळे लाल होते. म्हटलं, "आनंदाच्या दिवशी काहून रडायलीस?" म्हणाली, "आक्का, लई लोक हा दिवस बगायला ऱ्हायले नाय."

खरं सांगायचं तर मला नीटसं कळत नाही. नावानं काय होतं? शाळा तीच, मास्तर तेच. पण तिला बरं वाटलं तर मलाही बरं वाटलं. परवाचं मात्र डोक्यातनं जात नाही. रविवारी साहेब येणार.

१६ जानेवारी, रविवार

जमलं! जमलं, जमलं!

गाड्या अकराला आल्या. या खेपेला साहेबांच्या बाई नाकाला रुमाल लावूनच बसल्या. भामा केळी चिरून ताट घेऊन उभी होती. त्रिंबकरावांनी चमचा तोंडात घातला. मी खांब धरून ठेवला. त्यांनी डोळे मिटले, उघडले, आणि वाटी बाईंपुढं सरकवली. बाईंनी रुमाल काढला आणि वाटी पुसून खाल्ली, बोटानं!

"हे केरळातल्या मालाच्या तोडीचं आहे," साहेब म्हणाले. "आंबवलं कुठं?"

आमचे मालक म्हणाले, "हितंच. घरच्या घरी."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "इथंच का हो म्हाळसाबाई?"

मालक माझ्याकडं बघायला लागले. बायका वाटी चाटत होत्या. मला वाटलं, आता भट्टीमागं, बौद्धवाड्यात असं म्हटलं तर तोंडातला घास थुंकतील आणि माझी झाडं जातील. मी म्हटलं, "व्हय साहेब, हितंच."

त्यांनी कागद भरला. उत्पादक मुंजाबा कडुबा, म्हणजे आमचे मालक, सर्व प्रक्रिया उत्पादकाच्या स्वतःच्या घरी. मालकांनी सही केली. झाडं राहिली. पंधरा फेब्रुवारीपर्यंत पहिला माल द्यायचाय.

आनंदात भामाला हाक मारली तर ती गेलेली. केळ्यांचं ताट कागदाशेजारी ठेवून गेली होती. तिच्याकडं पाव्हणे असतील.

१९ जानेवारी, बुधवार

भामा तीन दिवस आलेली नाही. ताप असंल, थंडी बाधली असंल. फळं पिकून चाललीत. कागदावर सही झालीय म्हणून मालक स्वतः सर्जेरावांकडं पेटी ठेवायला गेले तर ते म्हणाले, कोठी आता रिकामी नाही. आत काय ठेवलंय ते मात्र सांगितलं नाही.

२० जानेवारी, गुरुवार

गेले तिच्याकडं. ती अंगणात बसून गवऱ्या थापत होती. ताप नव्हता, काही नव्हतं. कोठी सताड उघडी, आत एक वीटसुद्धा नाही.

मी म्हटलं, "अगं, येत काहून नाहीस?"

"कागद वाचला मी," भामा म्हणाली.

"तू वाचतीस?"

"लेकराची पुस्तकं वाचून शिकले. धा वर्सं झाली. तुमी कधी इचारलं नाय."

ती हात न थांबवता बोलत राहिली. "सोळा वर्सं, आक्का. एका नावापायी आमच्या पोरांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग बघितला, घरं जळली. आन् तुमाला एका सवालाचा जवाब द्यायचा होता. तेबी माझ्या देखत. चाखताना माझं बोट चाललं, सांगताना माझं घर नाय चाललं."

"झाडं गेली असती गं."

"गेली असती कदाचित. मला ठाव हाय. म्हनून तर मी तिथं बोलले नाय." मग तिनं पहिल्यांदा वर बघितलं. "आन् तुमचं तरी नाव हाय व्हय त्या कागदावर? झाडं जगवली कुनी?"

मी तशीच परत आले. वाटेत लई राग आला. तिचा आला, मालकांचा आला, साहेबांचा आला. घरी पोचेस्तोवर कळलं की राग माझाच आहे. खोटं मी बोलले. कुणी हात पिरगाळला नव्हता. मी घाबरट आहे, आणि आजवर मी त्याला शहाणपण समजत होते. लिहिलं. आता खोडणार नाही.

२२ जानेवारी, शनिवार

सकाळच्या एस.टी.नं भामाला घेऊन चिकलठाण्याला गेले. काल परत तिच्या अंगणात गेले आणि म्हटलं, "चल, तुझ्यासमोर सांगते." ती म्हणाली, "साहेबानं नाय म्हटलं तर?" मी म्हटलं, "तर नाही." मालकांना नुसतं शहरात जाते म्हणाले. सूर्यभानला गेटावर सांगितलं तर तो पांढरा पडला. म्हणाला, "आई, सगळं जमल्यालं मोडू नको." मी म्हटलं, "मोडलं तर मी मोडलं. तू मशीनवर जा."

त्रिंबकरावांपुढं उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगितलं. ते ऐकून साहेबांचं तोंड उतरलं. "तुम्ही मला लेखी खोटं दिलंत," म्हणाले. मी म्हटलं, "व्हय. लाज वाटती, म्हणून आले."

त्यांनी वही ओढली. मग भामाकडं वळले. भट्टी कसली, धूर कुठं जातो, पेटी किती तापते, कधी पालटता? भामानं न अडखळता सांगितलं. कोपरापर्यंत हात घालून थांबायचं, हे सांगताना तिनं त्यांच्या टेबलावर हात ठेवून दाखवलं. साहेब एकेक लिहून घेत होते. मग जुना कागद फाडला, नवा काढला.

"उत्पादकांची नावं सांगा."

"मी लिहिते," भामा म्हणाली. तिनं सावकाश, एकेक अक्षर करून पूर्ण नाव लिहिलं. अक्षर माझ्यापेक्षा सुरेख. तिच्याखाली मी माझं लिहिलं.

साहेबांनी सही मात्र केली नाही. म्हणाले, "जागा बघितल्याशिवाय मी आता कुणाचंच ऐकणार नाही. पुढच्या रविवारी, तीस तारखेला, सगळ्यांना घेऊन येतो. आधी भामाबाईंच्या घरी, भट्टी बघायची, तिथंच चाखायचं. मग बाग. पाहुण्यांपैकी कुणाला चालणार नसेल, तर ते माझ्या गाडीत बसणार नाहीत." परतीच्या एस.टी.त भामा खिडकीला बसली. माझ्याशी जास्त बोलली नाही, पण उतरताना म्हणाली, "उद्या फळं तोडू."

घरी आले तर मालक जेवत होते. मी सगळं सांगितलं, काही चोरलं नाही. त्यांचा घास हातात राहिला.

"गाव काय म्हनंल?"

"गावालाबी बोलवा म्हटलं चाखायला."

"आन् कागदावर नाव?"

"पहिलं भामाचं, दुसरं माझं."

"माझं?"

"जमीन कुणाची, असं एका ठिकाणी विचारलंय. तिथं आहे तुमचं."

ते ताटावरनं उठले, हात धुतला आणि मेंढरांकडं निघून गेले. मी त्यांची अर्धी भाकरी झाकून ठेवली आणि बसून राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं असं वाटलं. दिवस मावळताना परत आले, दारातच उभे राहिले.

"रविवारी किती मान्सं म्हनली?"

"पंधरा-सोळा."

खांबाला टेकले. मग म्हणाले, "भामाकडं बसायला पुरायचं नाय. आपली सतरंजी ने."